भूमिदेवाचा सेवक पक्का बसवण्याबाबत

रविवारी सकाळी त्सेंग वेइ-लुन यानं गल्लीतल्या भूमिदेवाच्या सेवकासाठी चौथऱ्यात चार बोल्ट मारले, रहिवासी समितीनं टाळ्या वाजवल्या, सगळ्यांना आलुबुखाराचं गार सरबत मिळालं आणि काम समाधानकारक झाल्याची नोंद झाली. याखेरीज दुसरं काहीही घडलेलं नाही. निदान वेइ-लुन तसं धरून चालतो, त्याची बायको तसं धरून चालते, समितीचे अध्यक्ष तर फारच धरून चालतात. तेव्हा आपणही तसंच धरू आणि आदल्या सोमवारपासून सुरुवात करू, कारण त्या सोमवारी संध्याकाळी वेइ-लुननं सेवकाच्या अंगाला कचऱ्याची पिशवी टेकवून ठेवली आणि सेवक एक पाऊल बाजूला सरकला.

कचऱ्याची गाडी अजून यायची होती. तैपेईत कचरा जमिनीवर ठेवायचा नाही असा नियम आहे. तो हातात धरून गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं आणि गाडीची पियानोची धून ऐकू येईपर्यंत शेजाऱ्यांकडे बघून मान हलवायची. पिशवीत माशाची हाडं होती, बोटं वळायला लागली होती, आणि वडाखालच्या चौथऱ्यावर तो पुतळा उभा होता, म्हणून वेइ-लुननं पिशवी त्याला टेकवली. त्या चौथऱ्यावर पूर्वी दगडी दिवा होता. तो एका वादळानं नेला, आणि नव्या वर्षाच्या सुमारास तिथं हा पक्षी दिसायला लागला. कोंबडीएवढा, विटकरी, डोक्यावर काळी टोपी, चोच आभाळाकडे. भूमिदेवाच्या कपाटाएवढ्या देवळाशेजारी तो इतका शोभायचा, की कुणीतरी आणून बसवला असणार याबद्दल कुणाच्या मनात शंका आली नाही. ही गोष्ट फोनला कॅमेरे येण्याच्या जरा आधीची. हा रातबगळा तेव्हा डोंगरातून शहरात नुकताच उतरत होता. आज तो बागेत, शाळेत, कुठंही दिसतो, पोरंसुद्धा त्याला ‘मठ्ठ्या’ म्हणतात. तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं, आणि तो हलत नसल्यामुळे ओळख वाढायलाही वाव नव्हता. पण पिशवी लागल्यावर तो हलला. मग त्याच्या डोळ्यावरून एक पांढरट पापणी आडवी सरकली आणि मागं गेली, लिफ्टचं दार एखाद्या मजल्यावर उगीच उघडून मिटावं तशी. वेइ-लुननं आजूबाजूला पाहिलं. सगळे गाडीच्या दिशेनं बघत होते.

ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडली असती तर त्यानं ‘अरेच्चा’ म्हणून सोडून दिली असती. वेइ-लुनच्या बाबतीत तसं होणं शक्य नव्हतं. वयाच्या छत्तिसाव्या वर्षापर्यंत त्यानं एकही रानटी प्राणी स्वतःहून पाहिलेला नव्हता. पाहायची हौस नव्हती असं नाही. हौस इतकी होती की तो पक्षीमित्र मंडळाचा आजीव सदस्य होता आणि लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीतून मिळणारी प्रत्येक रजा तो कुठल्या ना कुठल्या झुडपासमोर घालवत असे. अलिशानच्या डोंगररस्त्यावर निळाकाळा फेझंट, एक लांब शेपटीचा रानकोंबडा, धुक्यातून बाहेर आला, सगळ्या बससमोरून राजासारखा चालत गेला, तेव्हा वेइ-लुन चहात उकडलेली अंडी घ्यायला रांगेत होता. ह्वालिएनच्या समुद्रात डॉल्फिन बोटीच्या डाव्या बाजूनं उडत होते, तेव्हा तो उजव्या बाजूला ओकत होता. होक्काइदोच्या खानावळीत मासेमार घुबडासाठी सगळे काचेला नाक लावून बसले होते, घुबड आलं, मासा घेतला, गेलं, आणि तेवढ्यात वेइ-लुन आपली दुसरी सपात शोधत होता. बोर्निओच्या नदीवर त्यानं हत्तींचा कळप चुकवला. हत्ती चुकवणं सोपं नसतं. त्याला जमलं. प्रत्येक ठिकाणी त्याची बायको पेइ-शान शेजारी असायची. तिला प्राण्यांची विशेष आवड नव्हती, ती केवळ नवरा चाललाय म्हणून यायची, आणि तिला सगळं दिसायचं. ती म्हणायची, “तो बघ,” आणि बोट करायची. वेइ-लुन आधी बोटाकडे बघायचा, मग बोटाच्या दिशेनं, आणि तोवर तिथं नुसती हलणारी फांदी असायची. त्यामुळे जगातल्या इतक्या जंगलांतून त्यानं खरोखर नीट पाहिलेली वस्तू म्हणजे पेइ-शानचं बोट. होक्काइदोतलं थंडीनं लाल झालेलं बोट, बोर्निओतलं डास चावून सुजलेलं बोट, अलिशानवरचं हातमोज्यातलं बोट. पेइ-शान चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती. तिनं त्याचे डोळे दोनदा तपासले. “नजर उत्तम आहे,” ती म्हणाली, “वापरत नाहीस, एवढंच.”

आणि त्याच्याही मागं, फार मागं, थायनानच्या खाजणातला एक वारा होता. बाबा बस चालवायचे. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी त्याला तिथल्या बांधावर नेलं होतं, काळ्या तोंडाचे चमचे बघायला. चमच्यासारखी चोच असलेले पांढरे पक्षी, सगळ्या जगात थोडेच, आणि त्यांतले बरेचसे त्या दिवशी समोरच्या चिखलात. एक मोठी दुर्बीण तिवईवर होती, माणसं रांगेनं वाकत होती आणि सरळ होताना प्रत्येकाचा चेहरा देवळातून बाहेर आल्यासारखा होत होता. बाबांनी त्याला काखेत धरून उचललं. दुर्बिणीत त्याला एक काळी कड दिसली, एक थरथरता उजेड, आणि त्यात काळ्या, बारीक, वाकड्या रेघा. “दिसले?” बाबांनी विचारलं. बाबांच्या अंगाला डिझेलचा आणि नव्या शर्टाचा वास येत होता. “दिसले,” तो म्हणाला. त्या त्याच्याच पापण्या होत्या, हे त्याला बऱ्याच वर्षांनी समजलं. तोवर तो प्रत्येक वेळी प्रत्येकाला ‘दिसलं’ असंच म्हणत आला होता. सवयीनं त्याला ते वाक्य इतकं छान जमायचं की मंडळात त्याला मोठा जाणकार समजत. त्याला फक्त एकदा, आयुष्यात एकदाच, आपण आधी पाहून दुसऱ्याला ‘तो बघ’ म्हणायचं होतं. आरशासमोर त्यानं बोट करून पाहिलंही होतं. फार ताणायचं नाही, कोपर जरा सैल, आवाज खाली.

आता तो वडाखाली उभा होता, कोपर सैल होतं, आणि बोट वर यायच्या बेतात होतं, तेवढ्यात लो आजी उदबत्ती घेऊन आली. लो आजी तळमजल्यावर राहायची आणि गल्लीतल्या देवांचं सगळं तीच बघायची; वेइ-लुनला शेजारी आ-लुन म्हणत.

“आ-लुन, पिशवी काढ आधी तिथून. ही काय कचरापेटी आहे?”

“आजी, हा...”

“हा काय?”

“हा इथं कधीपासून आहे?”

“नव्या वर्षापासून. तू वर काय बघत चालतोस कोण जाणे. सेवक आहे तो, भूमिदेवाचा. माझा गुडघा याच्याकडेच आहे.” आजीनं पक्ष्याला उदबत्ती ओवाळली, पक्षी चोच आभाळात ठेवून तटस्थ राहिला. “भूमिदेवाकडे गर्दी फार. कुणाची परीक्षा, कुणाचं दुकान, कुणाची सून. हा बिचारा मोकळा. म्हटलं, तू घे माझा गुडघा. घेतला त्यानं. आता मी बाजारात चालत जाते.”

“पण आजी, कधीकधी तो जागेवर नसतो ना?”

“नसणारच. गुडघ्याच्या कामावर जातो.”

तिनं चौथऱ्यावर मक्याच्या खाऊची हिरवी पिशवी ठेवली आणि तिच्यावरची तारीख उजेडात धरून तपासली. वेइ-लुनला हसू आलं नाही. येणार कसं? शहरातल्या ज्या ज्या लिफ्टची देखभाल त्याच्याकडे होती, त्या प्रत्येकीच्या यंत्राच्या खोलीत त्यानं स्वतः तीच हिरवी पिशवी ठेवलेली होती. त्या खाऊच्या नावाचा अर्थच ‘गुणी बाळ’, यंत्रानंही तसं वागावं म्हणून. हिरवीच लागते. पिवळी ठेवली तर मोटर रुसते, तारीख उलटून गेली तर दोन मजल्यांच्या मध्ये अडकते, हे त्याच्या साहेबापासून सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या माणसाचं पोट त्या पिशवीवर चालतं त्यानं आजीला काय शिकवायचं? पियानो वाजायला लागला, गाडी वळली, सगळे धावले, वेइ-लुनही धावला. पिशवी टाकून त्यानं मागं पाहिलं तेव्हा पक्षी तसाच उभा होता, डोक्याभोवती उदबत्तीचा धूर घेऊन, आणि त्याचा गोल पिवळा डोळा नेमका वेइ-लुनवर होता.

“उशीर झाला,” पेइ-शान म्हणाली. ती भाजी निवडत होती.

“गाडी उशिरा आली.”

“गाडी कधी उशिरा येत नाही.”

“आज आली.”

“मग काय बघत होतास?”

“काही नाही,” तो म्हणाला, आणि त्याच्या लक्षात आलं की आजवर काही न दिसता ‘दिसलं’ म्हणणारा आपण, आज दिसलं असताना ‘काही नाही’ म्हणालो. पेइ-शाननं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पुन्हा भाजीत मान घातली. तिला सांगायचंच होतं. खरं म्हणजे फक्त तिलाच सांगायचं होतं. पण सांगितलं तर ती खाली जाऊन बघणार, तिला बघताना शेजारीण बघणार, आणि मग सगळ्या गल्लीला कळणार की लो आजी नव्या वर्षापासून एका बगळ्याला उदबत्ती ओवाळते. आजी दुसऱ्या दिवसापासून गुडघा धरून बसेल, आणि बाहेर पडली तरी मान खाली घालून. शिवाय अध्यक्ष फांग होते. वसंतातल्या सभेत एकानं सुचवलं होतं की हा सुंदर पुतळा गुप्तपणे देणाऱ्या दात्याचे आभार मानावेत. ठराव झाला. सगळे एकमेकांकडे बघू लागले, तेव्हा फांगांनी मान खाली घातली आणि हळूच म्हणाले, “असू दे, असू दे.” त्या दिवसापासून दाता फांग होते. त्यांच्या बायकोनंही त्यांना त्या आठवड्यात मोठ्या वाटीतून सूप दिलं म्हणतात. आणि मंडळाला सांगावं, तर तोफेएवढ्या लेन्स घेऊन अख्खी बस वडाखाली उभी राहणार, आणि पक्षी जाणार. म्हणजे आयुष्यात एकदा मिळालेली गोष्ट ठेवायची असेल, तर ती न पाहिल्यासारखं करायचं. वेइ-लुनला हे अन्यायाचं वाटलं, आणि गंमत म्हणजे त्याला फार आनंदही झाला. आत कुणीतरी लहान मूल लपून बसलंय आणि ते तोंडावर हात दाबून हसतंय, असं त्याला रात्रभर वाटत राहिलं.

मंगळवारपासून घरात कचरा कमी पडायला लागला. वेइ-लुन संत्री आवडत नसताना संत्री सोलू लागला, सालं वेगळ्या पिशवीत, बिया वेगळ्या पिशवीत, म्हणजे खाली दोनदा जाता यावं. त्यानं चांगला पायमोजा टाकून दिला. पेइ-शाननं दुसरा पायमोजा हातात घेऊन त्याला विचारलं, “याचं काय करू?” तो म्हणाला, “असू दे, उद्या टाकतो.” लिफ्टच्या उभ्या शाफ्टमध्ये काम करताना त्याला त्या डोळ्याची आठवण यायची. शाफ्टमध्ये अंधार असतो, दोरखंडांना तेलाचा वास असतो, वर खाली माणसं जातात आणि आपण कुणाला दिसत नाही. वेइ-लुनला ते नेहमी बरं वाटायचं. आता पहिल्यांदाच त्याला वाटलं की लिफ्टच्या छतावर उभं राहून इतकी वर्षं आपण जे करत होतो ते तो पक्षी करतोय, फक्त उजेडात, आणि जास्त चांगलं. बुधवारी कचऱ्याची गाडी नसते. वेइ-लुन रिकामी पिशवी घेऊन खाली गेला. चौथरा रिकामा होता आणि अध्यक्ष फांग त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे होते.

“चोरी झाली,” फांग म्हणाले.

“कामावर गेलाय,” लो आजी खिडकीतून म्हणाली.

“आजी, पुतळा कुठं कामावर जातो?”

“तुम्ही गेला नाहीत म्हणून काय कुणीच जाऊ नये?”

फांग निवृत्त होते, त्यामुळे हे त्यांना लागलं. गुरुवारी सकाळी पक्षी परत जागेवर होता. फांगांनी तो बघितला, दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि जमलेल्यांना सांगितलं, “फार खटपट करावी लागली. पण शोधून आणला.” कुणीतरी टाळी वाजवली. त्या उत्साहातच त्यांनी जाहीर केलं की पुन्हा असं होऊ नये म्हणून सेवकाला बोल्ट मारून चौथऱ्याला पक्कं करायचं. आणि मग ते वळले. “आ-लुन, तू लिफ्टवाला आहेस. रविवारी चार बोल्ट मारून टाक पायांतून. लिफ्ट पडत नाही ना तुझी? मग हाही पडणार नाही.”

“पायांतून?” वेइ-लुन म्हणाला.

“मग काय डोक्यातून?”

रविवार यायला मधे दोन दिवस होते आणि त्या दिवसांत वेइ-लुनच्या डोक्यात गोष्टी गोलगोल फिरत राहिल्या. सांगितलं तर आजीची लाज जाते, फांगांना तोंड दाखवायला जागा उरत नाही, आणि तसं झालं की फांग पक्ष्याला हाकलून वडाची फांदीसुद्धा ठेवणार नाहीत. नाही सांगितलं तर आपण ड्रिल घेऊन जिवंत पायांपुढे बसणार. मधला मार्ग एकच, पक्ष्यानं आपण होऊन जावं. म्हणजे त्याला घालवायचं. आयुष्यात पहिल्यांदा दिसलेल्या प्राण्याला आपणच ‘हुश’ म्हणायचं. शुक्रवारी दुपारी तो कामावरून लवकर आला, गल्लीत चिटपाखरू नव्हतं, म्हणजे एक होतं. तो चौथऱ्यासमोर उकिडवा बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “हुश.” काही झालं नाही. त्यानं टाळी वाजवली. काही झालं नाही. त्यानं छत्री उघडून मिटली. पक्ष्यानं मान जराशी लांब केली, जणू छत्री नीट बघावी. “हे बघ,” वेइ-लुन त्याला म्हणाला, “रविवारी मी बोल्ट घेऊन येणार आहे. तू शनिवारी जा. कुठंही जा. मुचाच्या बाजूला डोंगर आहे, चांगली ओलसर जागा आहे, मी गेलो होतो, मला काही दिसलं नाही पण इतरांना सगळं दिसलं.” पक्षी ऐकत होता किंवा ऐकत नव्हता. त्याच्या चोचीच्या मुळाशी, डोळ्यापाशी, निळी कातडी होती, आभाळात नसते अशी निळी, आणि छातीवर बारीक ठिपके, पावसाचे शिंतोडे वाळल्यासारखे. वेइ-लुनला वाटलं, मी याला बघतोय. मग वाटलं, नाही, हा मला बघतोय. बोटाच्या दिशेनं नाही, दुर्बिणीतून नाही, कुणी सांगितलं म्हणून नाही. त्या पिवळ्या डोळ्यात तो स्वतः होता, छत्रीसकट, बाटलीच्या तळाशी दिसावा तेवढा. गुडघे भरून आले तरी त्याला उठवेना. इतक्या देशांत जाऊन, इतकी अंडी आणि सपाता आणि समुद्र पार करून तो इथं पोचला होता, स्वतःच्या घराच्या खाली, आणि परवाच्या आत याला घालवायचं होतं. तरीही तो पुन्हा एकदा ‘हुश’ म्हणाला, कर्तव्य म्हणून. पक्ष्यानं ती पांढरी पापणी सरकवली.

रविवारी सकाळी पक्षी जागेवर होता. वेइ-लुनला तो लांबूनच दिसला आणि हातातली ड्रिलची पेटी एकदम जड झाली. अख्खी इमारत जमली होती. सरबताचं पातेलं होतं, शेंगदाणे होते, अननसाच्या वड्या होत्या. पेइ-शान दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घालून वडाला टेकून उभी होती. लो आजी म्हणाली की सेवकाला विचारल्याशिवाय बोल्ट मारता येणार नाहीत, कौल लावायचा. फांग म्हणाले, लावा. आजीनं चंद्रकोरीसारखे ते दोन लाल लाकडी तुकडे ओंजळीत घेतले, भूमिदेवाला सगळी हकिगत सांगितली, गुडघ्यासकट, आणि तुकडे टाकले. एक पालथा, एक उताणा पडला तर होकार. दोन्ही पालथे तर नकार, दोन्ही उताणे तर देव नुसता हसतोय, उत्तर देत नाही. दोन्ही उताणे पडले.

“हसला,” आजी म्हणाली.

“परत टाका,” फांग म्हणाले.

परत टाकले. देव परत हसला. तिसऱ्यांदाही हसला. पोरं हसायला लागली. वेइ-लुनला वाटलं, वडाच्या पानांतूनसुद्धा कुणीतरी हसतंय. देवाला सगळं माहीत आहे आणि तो सांगत नाही, अगदी आपल्यासारखाच, या विचारानं त्याला भूमिदेवाबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

“हसला म्हणजे खूश आहे,” फांग म्हणाले. “खूश आहे म्हणजे हरकत नाही. आ-लुन, कर सुरू.”

वेइ-लुन चौथऱ्यापाशी बसला. पक्ष्याची हिरवट, लांब बोटं त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होती. त्यानं ठरवलं होतं की पायांपासून शक्य तितक्या लांब, चौथऱ्याच्या कोपऱ्याला ड्रिल लावायचं आणि आवाज करत राहायचं. एवढ्या आवाजात कुठलाही पक्षी उडेल. उडाला की लोक म्हणतील, सेवक स्वर्गात गेला. आजीचा देव राहील, फांगांचं दान देवाला पोचल्यासारखं होईल, आणि आपलं जे आहे ते जाईल. ठीक आहे. गेलं तरी पाहिलं तर होतं. त्यानं ड्रिल लावलं. सिमेंट किंचाळलं, चौथरा हादरला, वडाखालची ओली माती हादरली. पक्षी जागचा हलला नाही. पहिलं भोक झालं. दुसरं सुरू झालं. वेइ-लुनचे दात वाजत होते. तेवढ्यात चौथऱ्याभोवतीच्या मातीत काहीतरी वळवळलं. एक गांडूळ वर आलं, मग दुसरं, मग आणखी, हादऱ्यानं घाबरून, घरात पाणी शिरल्यासारखी सगळी बाहेर यायला लागली.

सेवकानं खाली पाहिलं. त्यानं मान एका बाजूला नेली, मग दुसऱ्या बाजूला, अंग स्थिर आणि मान मात्र लंबकासारखी. मग तो चौथऱ्यावरून खाली उतरला, वेइ-लुनच्या गुडघ्याला वळसा घालून गेला, एक गांडूळ पकडलं आणि ओढायला लागला. गांडूळ लांब होत गेलं, सेवक मागं मागं रेलत गेला, ते तुटेल असं वाटता वाटता सुटलं, तो जरासा बसकला, उठला, आणि ते शेवयीसारखं आत ओढून घेतलं. मग पुढचं घेतलं. ड्रिल बंद झालं होतं. सरबतातल्या बर्फाचा आवाज येत होता. सगळे बघत होते आणि प्रत्येकजण आपण बघत नसल्यासारखा चेहरा करून उभा होता. एका पोरानं तोंड उघडलं, त्याच्या आईनं त्यात अननसाची वडी घातली. वेइ-लुनला वर बघवेना. त्याला आजीचे पाय दिसत होते, जुन्या चपलांतले, अजिबात न हलणारे. आता ती काय म्हणते यावर सगळं होतं.

पण आधी फांग बोलले. त्यांनी घसा खाकरला.

“हलणारा प्रकार घेतला होता मी,” ते म्हणाले. “सांगायचं राहिलं. साधा घेणार होतो, पण दुकानदार म्हणाला, साहेब, हलणाराच घ्या.”

“आणि गांडूळ खातो तो?” कुणीतरी मागून विचारलं.

“चावी दिली की.”

लो आजी पुढे आली. तिनं पक्ष्याकडे पाहिलं, फांगांकडे पाहिलं, आणि वाकून चौथऱ्यावरची हिरवी पिशवी उचलून आपल्या पिशवीत टाकली. “एवढे दिवस मी याला मक्याचा खाऊ देत होते,” ती म्हणाली. “तोंड लावत नव्हता. मला वाटायचं, मानी आहे. सांगायचं ना कुणीतरी, गांडुळं लागतात म्हणून. उद्यापासून कुंडीतली काढून ठेवीन.” मग ती वेइ-लुनला म्हणाली, “आणि तू काय बसलायस? बोल्ट मार. त्याचं जेवण होईतो जागा तयार पाहिजे.”

वेइ-लुननं बोल्ट मारले. चारही, रिकाम्या चौथऱ्यात, काटकोनात, लिफ्टची मोटर बसवताना मारतो तसे मन लावून. पेइ-शान येऊन त्याच्याजवळ बसली आणि तिनं पाना पुढे केला.

“तुला कधीपासून माहीत?” ती हळूच म्हणाली.

“सोमवारपासून,” तो म्हणाला. मग थांबून, “तुला?”

“मार्चपासून.”

पाना त्याच्या हातात तसाच राहिला. मार्च. म्हणजे संत्री, पायमोजा, रिकामी पिशवी, हे सगळं तिनं बघितलं होतं, जाणून. आयुष्यात पहिल्यांदा आपण आधी पाहिलं असं वाटलं होतं, ते सहा दिवस टिकून मार्चमध्ये बुडालं. त्याला वाईट वाटायला हवं होतं. त्यानं वाईट वाटण्याची वाट पाहिली.

“मग सांगितलं का नाहीस? ‘तो बघ’ म्हणायचंस.”

“तेच म्हणायचं नव्हतं,” ती म्हणाली. “रोज तुझ्याबरोबर वडाखाली उभी राहायचे आणि बोट खिशात ठेवायचे. तीन महिने. तुला काय माहीत किती अवघड असतं ते. एकदा तर तू त्याच्याकडे पाठ करून मला बोर्निओतल्या हत्तींबद्दल सांगत होतास.”

त्यानं तिच्या खिशाकडे पाहिलं. एका खिशात तिचा उजवा हात अजूनही होता, आणि आतमध्ये एक बोट, जगातल्या इतक्या जंगलांत दिसलेलं, यावेळी न दिसलेलं. तेच बोट तीन महिने त्याच्यासाठी गप्प बसलं होतं. त्याच्या आत लपलेलं ते मूल आता हात सोडून उघड उघड हसायला लागलं. त्यानं शेवटचा बोल्ट आवळला. तेवढ्यात सेवक जेवण आटोपून आला, चौथऱ्यावर चढला, चार बोल्टांच्या बरोबर मध्ये दोन्ही पाय ठेवले, चोच आभाळाकडे केली आणि थिजला. समितीनं टाळ्या वाजवल्या.

“पक्का बसला,” फांग म्हणाले.

सरबत वाटल्यावर फांगांनी वेइ-लुनला बाजूला घेतलं आणि सांगितलं की झालेल्या कामाबद्दल सूचनाफलकावर चार ओळी लिहून लावाव्यात, व्यवस्थित भाषेत, समितीच्या वतीनं. वेइ-लुननं त्याच दुपारी लिहून लावल्या. कागद वडाच्या पारंब्यांमागं अजून आहे, उन्हानं पिवळा झालेला, आणि त्यावर आजवर कुणीही कार्यवाही केलेली नाही:

‘भूमिदेवाच्या सेवकास कळवण्यात येते की, त्यास दिनांक आजपासून चौथऱ्यावर चार बोल्टांनी कायमचे बसवण्यात आले आहे. तरी त्याने यापुढे जागा सोडताना, गुडघ्याचे काम असो वा अंडी घालण्याचे, समितीची लेखी पूर्वपरवानगी घ्यावी; परत येण्याची वेळ कळवावी; आणि परत येतेवेळी प्रथम खाली सही करणाऱ्यास दिसावे, त्याच्या पत्नीस त्यानंतर दिसावे. पत्नी अगोदरच पाहत असल्यास सेवकाने ती दुसरीकडे बघेपर्यंत फांदीआड थांबावे, ही विनंती.’